एका फोटोवरून ऑर्किड का ओळखता येत नाही?

पावसाळा सुरू झाला की निसर्गप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक ठरलेला फोटो फिरू लागतो. मागे धूसर हिरवं, मधोमध एक पांढरं फूल आणि खाली ओळ, 'अतिदुर्मीळ ऑर्किड, ओळखा पाहू!' तिघे तीन नावं सांगतात, अ‍ॅप चौथंच सांगतं, आणि ज्याला खरंच कळतं तो विचारतो, 'पानं कुठायत? बाजूने काढलाय का?' तिथे चर्चा थांबते, कारण पानांचा फोटो कुणी काढलेलाच नसतो.

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. हे कूळ प्रचंड मोठं आहे. जगात सुमारे २८,००० जाती, भारतात बाराशेच्या वर, एकट्या महाराष्ट्रात शंभरच्या पुढे. त्यातल्या कितीतरी समोरून पाहिल्या तर सख्ख्या बहिणी वाटतात. फरक असतो तो ओठाच्या कडेला, मागच्या नळीच्या लांबीत, पानाच्या टोकाला. नेमक्या या जागा आपल्या फोटोतून सुटतात. सह्याद्रीत रमतगमत फिरताना त्या बघायच्या कशा आणि टिपायच्या कशा, ते एकेक करून पाहू.

## आधी फूल वाचायला शिकू

ऑर्किडच्या फुलात सहा 'पाकळ्या' दिसतात. बाहेरच्या तीन ही खरं तर निदलं, म्हणजे कळीचं बाहेरचं वेष्टण. आतल्या तीन खऱ्या पाकळ्या. या तिघींपैकी एक बाकीच्या दोघींसारखी सहसा नसते. ती रुंद, झालरीची, ठिपक्यांची किंवा तीन बोटांत फाटलेली असते. तिला म्हणतात ओठ. कीटकाला उतरायला केलेला हा ओटाच. ओळख पटवताना अर्धं काम ओठावर होतं, म्हणून फोकस नेहमी ओठावर हवा.

ओठाच्या वर मधोमध एक लहानसा खुंट दिसतो, त्याला स्तंभ म्हणू. लिलीच्या फुलात सहा पुंकेसर सुटे असतात आणि स्त्रीकेसर वेगळा असतो. ऑर्किडमध्ये हे सगळं एकत्र जोडून एकच स्तंभ झालेला असतो. त्याच्या टोकाच्या टोपीखाली पराग असतात, तेही भुकटीच्या रूपात नाही. मेणासारख्या गोळ्या असतात, त्यांना परागपिंड म्हणतात. कीटक आला की त्याच्या डोक्याला हे पिंड चिकटतात आणि पुढच्या फुलावर पोचतात.

बऱ्याच जातींत ओठाच्या बुडातून मागे एक पोकळ शेपूट निघते. ही मकरंदाची नळी. हॅबेनारिया वंशात, म्हणजे जवळच्या जातींच्या त्या गटात, ती कधी जेमतेम दिसते, तर हॅबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटामध्ये दहा सेंटिमीटरहून लांब असते. या नावाचा अर्थच 'लांब शिंगाची'. एवढ्या खोल तळाशी सोंड पोचेल असा पतंगच तिथला मकरंद पितो. मादागास्करच्या एका ऑर्किडची नळी फूटभर लांब पाहून डार्विनने १८६२ साली लिहून ठेवलं होतं की तेवढ्याच सोंडेचा पतंग तिथे असला पाहिजे. तसा पतंग त्या बेटावरून १९०३ साली नोंदवला गेला, डार्विन गेल्यानंतर एकवीस वर्षांनी.

आणखी एक खूण, जी एकदा दिसली की विसरत नाही. बहुतेक ऑर्किडच्या कळीत ओठ वरच्या बाजूला असतो. फूल उमलताना देठ १८० अंशांत फिरतो आणि ओठ खाली येतो. म्हणून फुलाच्या मागचा देठासारखा भाग, जो खरं तर बीजकोष असतो, पिळलेल्या पंचासारखा दिसतो. अर्धवट उमललेला तुरा सापडला तर खालून वर बघत जा. खालच्या फुलांचे ओठ खाली वळलेले, मधल्या एखाद्या कळीचं डोकं अजून आडवं, वरच्या कळ्या सरळ. सगळी कवायत एकाच दांड्यावर दिसते.

## झाडावर वाढतं, म्हणजे बांडगूळच ना?

नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की आंब्याची 'साफसफाई' करताना बांडगुळासोबत ऑर्किडही काढून फेकली जातात. बांडगूळ झाडाच्या सालीत मूळ घुसवून आतला रस ओढतं. बांडगुळाचा सांधा पाहिलात तर फांदी तिथे गाठीसारखी सुजलेली दिसते. ऑर्किडची मुळं सालीवरून नुसती सरपटतात. चाळीच्या गॅलरीत बिऱ्हाड मांडावं तसं ते फांदीवर राहतं. जागा घेतं, घरमालकाच्या ताटातलं खात नाही. पाणी पावसाचं आणि धुक्याचं, खत सालीच्या खाचांत कुजलेल्या पाल्याचं.

ही मुळं मुद्दाम बघावीत. त्यांच्यावर स्पंजासारख्या मृत पेशींचं जाड आवरण असतं. कोरडं असताना त्यात हवा भरलेली असते, म्हणून मूळ चंदेरी पांढरं दिसतं. पाऊस पडला की आवरण पाणी शोषतं, पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग वर येतो. मेमधली पांढरी मुळं आणि जुलैमधली हिरवी मुळं एकाच रोपाची असू शकतात. मुळांच्या रंगावरून दोन जाती करू नयेत.

सगळी ऑर्किडं झाडावर वाढतातच असंही नाही. सडे म्हणजे कातळाचे उघडे माळ, पठारं आणि पावसाळी गवत इथे उगवणारी हॅबेनारिया जमिनीतल्या कंदातून येतात. उन्हाळ्यात वर काहीच दिसत नाही.

## फसवी मंडळी

कासच्या पठारावर सीतेची आसवं हजारोंनी फुलतात. जांभळं फूल, पुढे ओठ, खाली नळी, अगदी ऑर्किडचा तोंडवळा. पण तीन अधिक तीन मोजायला गेलात तर हिशेब जुळत नाही, आणि मागे पिळलेला बीजकोष नसतो. तेरड्यालाही नळी असते. त्याचं पान जाळीदार शिरांचं आणि दातेरी कडेचं. ऑर्किडच्या पानात शिरा बहुधा समांतर जातात आणि कडा सरळ असते. नर्सरीवाले कांचनाला 'ऑर्किड ट्री' म्हणून विकतात. त्याचा या कुळाशी काडीचाही संबंध नाही.

## फोटो काढताना पंचनामा करा

पंचनाम्यात काय असतं? जागा, वेळ, वस्तू कोणत्या स्थितीत होती, मोजमाप. ओळखीसाठीचे फोटो याच क्रमाने काढले की काही सुटत नाही. एका रोपाचे सात-आठ फोटो, वेळ पाच मिनिटं.

पहिला फोटो परिसराचा. चार पावलं मागे जाऊन, रोप चौकटीत लहान दिसेल असा. देवराईतली सावली, उघडा सडा, घाटरस्त्याकडेचा जांभूळ हे त्यात कळायला हवं. झाडावरचं रोप असेल तर दुसरा फोटो झाडाच्या सालीचा आणि पानांचा. खडबडीत, पाणी धरणाऱ्या सालीवर ऑर्किडं टिकतात, म्हणून ऐन आणि आंबा डोळे उघडे ठेवून बघावेत. निलगिरीची साल सोलून गळते, तिथे त्यांचा निभाव लागत नाही.

तिसरा फोटो संपूर्ण रोपाचा, बुडापासून तुऱ्याच्या टोकापर्यंत. बुडाशी काय आहे ते यात दिसलं पाहिजे. काही जातींत बुडाशी हिरव्या गोट्यांसारख्या किंवा बोटांसारख्या जाड्या असतात. खोड फुगून त्यात पाणी साठवलेलं असतं. त्यांना आभासी कंद म्हणतात, कारण जमिनीतल्या कंदाचं काम त्या फांदीवर करतात. तुरा कुठून निघालाय तेही याच फोटोत हवं. एरिडिसमध्ये तो पानाच्या बगलेतून येतो, बल्बोफायलममध्ये आभासी कंदाच्या बुडातून, ओबेरोनियात थेट शेंड्यातून. एवढ्या एका गोष्टीवरून वंश निम्म्याने कमी होतात.

चौथा फोटो पानाच्या टोकाचा. हा कुणीच काढत नाही. झाडावरच्या कितीतरी ऑर्किडचं पान पट्ट्यासारखं, चिवट आणि जाड असतं. फूल नसताना सगळी एकसारखीच वाटतात. पण टोकं बघा. व्हॅन्डा टेसेलाटाच्या पानाचं टोक तीन दातांचं आणि वेडंवाकडं असतं, उंदराने कुरतडल्यासारखं. अकॅम्पे प्रीमोर्साच्या जाड, ताठ पानाला टोकाशी दोन असमान खंड असतात. 'प्रीमोर्सा' म्हणजेच टोकाशी चावलेलं. ल्युइसियाला तर पट्टाच नाही, पानं पेन्सिलीसारखी गोल. ओबेरोनियाची पानं चपटी, एकात एक बसलेली, हातपंख्यासारखी. वर्षातले दहा महिने रोप बिनफुलाचं असतं, तेव्हा हाच फोटो उपयोगी पडतो.

मग फूल. एक फोटो समोरून, कॅमेरा फुलाच्या उंचीला आणून. वरून खाली काढलेल्या फोटोत ओठ आखूड दिसतो आणि स्तंभ झाकला जातो. दुसरा बरोबर बाजूने. हॅबेनारियासाठी समोरच्या फोटोपेक्षाही हा महत्त्वाचा, कारण नळी बीजकोषापेक्षा लांब की आखूड, सरळ की वाकलेली, टोकाशी फुगलेली की बारीक, हे सगळं बाजूनेच दिसतं. तिसरा मागून. निदलांच्या पाठीवरची लव आणि शिरा मागूनच दिसतात.

शेवटचा फोटो मापाचा. बहुतेक जण शेजारी नाणं ठेवतात. पण दोन रुपयांचं जुनं नाणं २७ मिलिमीटरचं आणि नंतरचं २५ चं, मग बघणाऱ्याने काय समजायचं? शाळेच्या पट्टीचा दहा सेंटिमीटरचा तुकडा कापून पाकिटात ठेवावा. तो फुलाशेजारी, फुलाइतक्याच अंतरावर धरायचा. पुढे धरला तर फूल लहान भासतं.

फोटोत न मावणाऱ्या दोन गोष्टी फोनच्या टिपणात लिहा. वास, आणि तो किती वाजता आला ते. पेक्टिलिस जायगँटिया, म्हणजे आपला वाघचौरा, मोठ्या पांढऱ्या झालरीच्या फुलांचा. त्याचा सुगंध संध्याकाळनंतर खुलतो, कारण त्याची गिऱ्हाइकं रात्री उडतात. दुपारी दोनला 'वास नाही' अशी नोंद केली तर ती वेळेसकट लिहिलेली बरी.

## मोबाइल पुरतो का, की महागडा कॅमेरा हवाच?

ओळखीसाठी मोबाइल पुरतो, फक्त त्याच्या खोडी माहीत हव्यात.

पहिली खोडी म्हणजे आपोआप सुरू होणारा मॅक्रो. फोन जवळ नेला की बरेच फोन रुंद कोनाच्या भिंगावर उडी मारतात आणि दोन-चार सेंटिमीटरवरून फोटो घेतात. फोनची सावली फुलावर पडते, आणि इतक्या जवळून ओठ मोठा नि मागचा भाग चिमुकला दिसतो. लग्नात भिंगाला चिकटून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं दिसतं, तसंच. पडद्यावरच्या फुलाच्या चिन्हावर टिचकी मारून मॅक्रो बंद करा, फूटभर मागे या, दुप्पट किंवा तिप्पट झूम लावा. एक-दोन मिलिमीटरच्या फुलांसाठी, उदाहरणार्थ ओबेरोनियासाठी, मात्र मॅक्रो किंवा वर लावायचं चिमट्याचं भिंग लागतंच.

दुसरी खोडी पांढऱ्या रंगाची. ओल्या, काळपट हिरव्या पार्श्वभूमीवर हॅबेनारिया उभं असलं की फोन सगळा प्रसंग उजळ करायला जातो. फूल धुवून निघाल्यासारखं पांढरंफेक होतं आणि ओठावरची एकही रेघ दिसत नाही. फुलावर बोट ठेवा, शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते खाली ओढा. पडद्यावर फूल किंचित राखाडी वाटेपर्यंत ओढलेलं चालतं. अंधारलेला फोटो घरी उजळता येतो. जळालेल्या पांढऱ्यात मात्र काहीच उरलेलं नसतं. उंच फांदीवरचं फूल आभाळासमोर असेल तर उलट करायचं. चिन्ह वर ओढायचं, नाहीतर नुसती काळी आकृती मिळते.

तिसरी अडचण वारा. दांडा हाताने धरू नका. नाजूक दांडे मोडतात आणि बोटाच्या धक्क्याने परागपिंड निघू शकतात. छत्री उघडून वाऱ्याच्या बाजूला जमिनीवर टेकवा. तीच छत्री काळी असली तर फुलामागे धरून पार्श्वभूमीही होते. बटण दाबून ठेवून एका दमात दहा-बारा फोटो घ्या, त्यात एखादा स्थिर निघतो.

चौथी वाफ. गाडीतल्या एसीतून थेट आंबोलीच्या धुक्यात उतरलं की भिंगावर बाष्प धरतं. पुसत बसण्यापेक्षा दहा मिनिटं थांबावं. बाहेरच्या हवेएवढा फोन गरम झाला की ते आपोआप उडतं.

कॅमेरा असेल तर १०० मिलिमीटरच्या आसपासचं मॅक्रो भिंग, छिद्र एफ/८ ते एफ/११, वेग सेकंदाच्या अडीचशेव्या भागाच्या आसपास. फूल भिंगात त्याच्या खऱ्या आकाराएवढं भरलं की एफ/११ लाही जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. म्हणून ओठ आणि स्तंभ एकाच प्रतलात येतील असा कॅमेरा वळवायचा. एफ/२२ करून सगळंच स्पष्ट येईल ही आशा फोल आहे. छिद्र फार बारीक केलं की सगळंच मऊ होतं. फ्लॅश वापरलात तर समोर ट्रेसिंग पेपर लावा.

## जुळ्यांची भानगड

एवढी खटपट कशासाठी, ते तीन जोड्यांवरून कळेल.

वळिवानंतर घाटात झाडांवर गुलाबी-जांभळट तुरे दिसतात, ते बहुधा एरिडिसचे. एरिडिस मॅक्युलोसाच्या फुलांवर जांभळे ठिपके असतात. मॅक्युलोसा म्हणजेच ठिपक्यांची. एरिडिस क्रिस्पाचं फूल मोठं, आणि ओठाची कड झालरीसारखी कातरलेली. क्रिस्पा म्हणजे चुणीदार. लांबून दोन्ही 'गुलाबी ऑर्किड', जवळून एका नजरेत वेगळी.

याच दिवसांत सीतेची वेणी फुलते, म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा. शंभरएक फुलं गच्च विणलेला, कोल्ह्याच्या शेपटीसारखा लोंबता तुरा. एरिडिसच्या तुऱ्यात फुलं सुटी सुटी असतात, हिच्यात दांडाच दिसत नाही. हीच आसामातली कोपौ फुल. तिथे बोहाग बिहूला बायका ती अंबाड्यात माळतात, आणि ते आसामचं राज्यफूलही आहे. म्हणजे सीतेची वेणी हे आपलं नाव आणि तिकडची चाल एकमेकांना ओळखही नसताना जुळून आली.

तिसरी जोडी खरी अवघड. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडी पानं गळालेल्या, वाळक्या दिसणाऱ्या खोडांवर फुलं लगडतात. ती डेंड्रोबियम. पांढरी असली तर बहुधा डेंड्रोबियम बार्बाट्युलम, मलईसारखी पिवळट असली तर डेंड्रोबियम ओव्हॅटम. गोची अशी की शिळं झालेलं पांढरं फूलही पिवळट पडतं, आणि संध्याकाळच्या उन्हात सगळंच पिवळं दिसतं. म्हणून ताजं फूल निवडा, सावलीत फोटो काढा, ओठाचा जवळून फोटो घ्या आणि तारीख लिहा. ओव्हॅटम साधारण आधी फुलतं, बार्बाट्युलम त्याच्या मागून. दोघांचे दिवस थोडे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे नुसत्या तारखेवर निकाल देता येत नाही.

## केव्हा आणि कुठे बघायचं?

एप्रिलपासून पावसाच्या तोंडापर्यंत मान वर करून चालायचं. व्हॅन्डा, सीतेची वेणी, एरिडिस सगळी झाडावर. पहिल्या सरींबरोबर नजर खाली. नर्व्हिलियाचं फूल मातीतून एकटंच वर येतं, पान त्याच्या नंतर. फूल आणि पान एकत्र दिसत नाहीत, त्यामुळे दोन वेगळ्या वनस्पती समजून दोन नोंदी होतात. त्याच सुमाराला जमिनीला चिकटलेलं एखादंच गोलसर पान आणि त्यातून उठलेला पांढऱ्या फुलांचा तुरा दिसला तर ते बहुधा हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. जुलै ते सप्टेंबर हा हॅबेनारियांचा खरा हंगाम. पानाच्या कडेला पिवळसर रेघ असली तर हॅबेनारिया मार्जिनाटा. दांड्याच्या एकाच बाजूला सगळी फुलं, दात घासायच्या ब्रशसारखी, तर हॅबेनारिया हेनियाना.

झाडाच्या खोडावर बटणं चिकटवल्यासारख्या जाळीदार चकत्या दिसल्या तर दगडफूल समजून पुढे जाऊ नका. पॉरपॅक्सचे चपटे आभासी कंद असू शकतात.

जागा म्हणाल तर महाबळेश्वर-पाचगणी, कोयना, राधानगरी, आंबोली, भीमाशंकर, गोव्यात मोले. हॅबेनारिया पाचगणीएन्सिस तर पाचगणीचंच नाव घेऊन आहे. कास २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे आणि फुलांच्या हंगामात तिथे नोंदणी लागते. पण ऑर्किडसाठी गर्दीचं ठिकाण गाठायलाच हवं असं नाही. घाटातल्या जुन्या रस्त्याकडेची चार झाडं दोन तास बघितली तर पाच किलोमीटर चालण्यापेक्षा जास्त दिसतं. दरीकडेच्या रस्त्याचा एक फायदा असा की खालच्या झाडांचे शेंडे आपल्या डोळ्यांच्या पातळीला येतात. आठपट वाढ दाखवणारी साधी दुर्बीण जवळ असली की फांदीवर चढायचा मोह होत नाही.

वादळानंतर पडलेल्या फांद्याही बघाव्यात. एरवी तीस फुटांवर असलेलं रोप पायाशी मिळतं आणि पानाच्या टोकापासून मुळापर्यंत सगळे फोटो होतात.

## अ‍ॅपने नाव दिलंय, मग आणखी काय हवं?

अ‍ॅप वनस्पतीशास्त्र वापरत नाही. लाखो फोटोंशी तुलना करून 'हे त्याच्यासारखं दिसतंय' एवढंच सांगतं. लग्नात एखादी मावशी कपाळ बघून 'हा देशपांड्यांचाच' म्हणते, तसं. नेहमीच्या जातींचे फोटो भरपूर असल्याने त्यांच्यात अंदाज बरा येतो. ज्या जातीचे फोटोच मोजके आहेत ती समोर आली तर अ‍ॅप जवळच्या, ओळखीच्या जातीचं नाव ठोकून देतं. म्हणजे जिथे मदत खरोखर हवी असते तिथेच ते जास्त चुकतं.

आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकली तर माणसंही तपासतात. निदान दोघांचं आणि मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशाहून अधिक जणांचं जातीवर एकमत झालं की नोंद 'रिसर्च ग्रेड' होते. त्यातही एक मेख आहे. दुसऱ्याने दिलेलं नाव डोळे झाकून 'मान्य' करणारे बरेच असतात. आपल्याला ओठ आणि नळी स्वतः दिसली नसेल तर मान्य करू नये. वंशापर्यंत येऊन थांबायला लाज नाही. 'हॅबेनारिया, जात ठरवता येत नाही' ही नोंद चुकीच्या नावापेक्षा कितीतरी कामाची.

## आणि ही नावं सारखी बदलतात का?

बदलतात, आणि त्याला कारण आहे. पूर्वी फुलाच्या घडणीवरून नातं ठरायचं, आता डीएनएही बघतात. त्यामुळे एरियासारख्या वंशातल्या काही लहानग्या जाती पॉरपॅक्समध्ये गेल्या. कधी बदल नुसता व्याकरणाचा असतो. जुन्या पुस्तकात एरिडिस मॅक्युलोसम, नव्या यादीत मॅक्युलोसा, कारण वंशाच्या नावाचं लिंग स्त्रीलिंगी धरलं गेलं. रोप तेच. फोटो नीट असले तर नाव कितीदाही बदलू दे, नोंद वाया जात नाही.

## एखादं घरी आणून लावलं तर जपलं जाणार नाही का?

सहसा मरतं, आणि सावकाश मरतं, त्यामुळे लावणाऱ्याला कारण कळत नाही. फांदीवरून सोलताना मुळांचं ते स्पंजी आवरण आणि टोकं तुटतात. आभासी कंदातल्या साठ्यावर रोप काही महिने हिरवं दिसतं, तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत संपतं. पठारावरच्या हॅबेनारियाचं तर विचारूच नका. फुलाच्या वेळी मातीखाली दोन कंद असतात. एक सुरकुतलेला, ज्याने यंदाचं फूल दिलं, आणि एक टवटवीत, पुढच्या वर्षाचा. उपटलं की दोन्ही गेले.

'पण बिया पडून पुन्हा उगवतील की!' इथे खरी अडचण आहे. एका बोंडात हजारो, काही जातींत लाखोंनी बिया असतात. व्हॅनिला आइस्क्रीममध्ये काळे कण दिसतात ना, त्या ऑर्किडच्याच बिया, कारण व्हॅनिला ही याच कुळातली वेल. पण बहुतेक जातींच्या बिया त्याहूनही बारीक, पावडरच्या धुळीसारख्या. हरभऱ्याच्या डाळीत जसा अंकुरासाठी शिधा बांधलेला असतो तसा या बियांत जवळजवळ काहीच नसतो. रुजायला त्यांना विशिष्ट बुरशीची साथ लागते. ती बीमध्ये शिरून तिला अन्न पुरवते. ती बुरशी त्या सालीत, त्या मातीत असते, आपल्या कुंडीत नसते.

बाजारात मिळणारी डेंड्रोबियम, फॅलेनॉप्सिस मग कशी वाढतात? लुईस नडसन या अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञाने १९२२ साली दाखवलं की साखर घातलेल्या निर्जंतुक माध्यमात या बिया बुरशीविनाही रुजतात. तिथून बाटलीतली रोपं सुरू झाली. घरात ऑर्किड हवंच असेल तर अशी नर्सरीतली संकरित जात घ्यावी. ती कुंडीसाठीच तयार झालेली असते.

कायद्याचं म्हणाल तर अभयारण्यातून रोप काढणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे, पडलेल्या फांदीवरचं असलं तरी. शिवाय साइटिस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात ऑर्किडचं सगळं कूळच आहे, त्यामुळे परदेशी पाठवायला परवाना लागतो.

## मग ठिकाण सांगायचं की नाही?

नोंद करताना ठिकाण अचूक हवं, जाहीर करताना ढोबळ. ऑर्किडची चोरी बहुधा फोटो बघूनच होते, आणि चोर नसले तरी 'त्याच जागी' फोटो काढायला आलेली वीस माणसं सड्यावरची पातळ माती तुडवतात. आयनॅचरलिस्टवर संकटग्रस्त जातींचं ठिकाण आपोआप अस्पष्ट केलं जातं. बाकीच्यांसाठी जागेच्या गोपनीयतेत 'अस्पष्ट' हा पर्याय आपण निवडायचा. गटावर लिहिताना 'सातारा जिल्हा, ऑगस्ट' एवढं पुरे. कोणत्या वळणावरचं कितवं झाड ते नको.

एक गोष्ट सहज निसटते. फोन प्रत्येक फोटोत अक्षांश-रेखांश लपवून ठेवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर तो आकसताना ही माहिती गळते. पण 'दर्जा कमी होऊ नये' म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की माहिती जशीच्या तशी जाते, आणि नकाशावर ते झाड काही मीटरच्या अंतरात सापडतं. पाठवण्याआधी गॅलरीत फोटोचा तपशील उघडून 'लोकेशन काढा' दाबावं, आणि मूळ फोटो ठिकाणासकट आपल्या वहीजोगा ठेवावा.